डोळ्यांवर ठेवायची माती

शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्याशिवाय मोबाईल सुरू करायचा नाही, हा मिल्का आष्टमकरचा नेम होता आणि नगरजवळच्या भिंगारमधल्या घराच्या गच्चीवर बसून त्या तीन चांदण्या शोधणं ही तिची आठवड्यातली एकमेव चैन. त्या संध्याकाळीही ती खुर्ची टाकून बसली होती. दिवसभर तापलेली गच्ची तळव्यांना अजून चटके देत होती, खाली कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपत आल्याची ती ओळखीची हुरहुर होती. शाळेत नोकरीला असताना रविवारी संध्याकाळी व्हायची तशी. तिसरी चांदणी दिसली. तिने बटण दाबलं. एरवी दोन-चार शुभेच्छा येतात, मुंबईच्या ऑफिसचा एखादा निरोप येतो. आज फोन हातात थरथरायला लागला आणि थरथरतच राहिला. छबूबाई राहुरी. छबूबाई राहुरी. छबूबाई राहुरी. सकाळपासून केलेले फोन एकामागून एक येऊन पडत होते. शेवटचा दुपारच्या आधीचा होता, त्यानंतर एकही नव्हता. छबूबाईने फोन करणं सोडून का दिलं असेल, हे मिल्काला ती बोलायच्या आधीच कळलं. तिने उलट फोन लावला.

"काकू गेल्या वो," छबूबाई म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "सकाळी च्या घिऊन गेले तर हात गार. झोपेतच गेल्या. तुमाला लई फोन लावले. मुंबैच्या हापिसात लावला तर तितं नुसती विंग्रजीत टेप वाजतीया. पर तुमी काळजी करू नका. समदं नीट झालं."

"समदं म्हणजे?" मिल्काने विचारलं. छबूबाईचा शब्द तिच्या तोंडून तसाच्या तसा बाहेर पडला.

"आमच्या मच्छिंद्रनं अग्नी दिला. पोटच्या पोरावानी दिला, बाई. दुपारीच उरकलं. तुमीच सांगितलं हुतं ना, तुमच्यात ठेवत न्हाईत म्हनून. न्हाई ठेवलं आमी."

मिल्काने फोन ठेवला. खुर्चीचा हात घट्ट धरून ती बसून राहिली आणि चांदण्या भराभर वाढत गेल्या. सेगुल्लाबाई चेऊलकरला जाळलं होतं. ज्यूंच्या घरात जन्मलेल्या, ज्यूंच्याच घरात नांदलेल्या, नव्वदीला टेकलेल्या बाईला मुळा नदीच्या काठी चितेवर ठेवून जाळलं होतं. माणूस मातीतून आला, त्याला धुवायचं, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, डोळ्यांवर जेरुसलेमची चिमूटभर माती ठेवायची आणि मातीतच परत द्यायचा, एवढंच काय ते या समाजात ठाम होतं. बाकी साडी, मंगळसूत्र, आमटी, शिव्या, सगळं इतर मराठी माणसांसारखंच. ती चिमूटभर माती मिल्काच्या कपाटात होती. मखमलीच्या पुरचुंडीत, वरच्या फळीवर, तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या घड्याळाशेजारी. सेगुल्लाबाईनेच ती दिली होती. "माझ्याकडं नको गं मिल्के, मी आंधळी, मीठ समजून आमटीत टाकायची. तू ठेव. तूच येणार आहेस ना मला धुवायला? नवऱ्याच्या शेजारी टाक आणि ही डोळ्यांवर ठेव, म्हणजे तिकडं गेल्यावर तरी नीट दिसेल." मिल्काने हो म्हटलं होतं. संस्थेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लाभार्थ्यांना वचनं देऊ नका. पण लाभार्थी हा शब्द सेगुल्लाबाईला लागूच होत नव्हता, मग बाकीचे नियम तरी कसे लागू व्हायचे?

संस्था मुंबईची. समाजातल्या एकट्या, आजारी, थकलेल्या माणसांची विचारपूस करायची, औषधं पोचवायची, चष्मे बदलून द्यायचे, वल्हांडणाच्या सणाला बेखमीर रोट्यांचे डबे द्यायचे, आणि मुख्य म्हणजे जाऊन बसायचं. हे जाऊन बसण्याचं काम मिल्काने निवृत्तीनंतर धरलं. तेव्हा नगर जिल्ह्यात जाऊन बसायला घरं होती. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कुणी लष्करी दवाखान्यातली नर्स, श्रीरामपूरला एक घड्याळं दुरुस्त करणारा, जो तिला बघताच मनगट पुढे करायला लावायचा. मग काही इस्राएलला मुलांकडे गेले, काही नगरच्या कब्रस्तानात गेले, आणि शेवटी जिल्ह्यात दोघीच उरल्या: जिची काळजी घ्यायची ती सेगुल्लाबाई, आणि घ्यायची ती मिल्का. मुंबईच्या मॅडम म्हणायच्या, एका माणसासाठी एवढा प्रवास झेपतो का तुम्हाला, आपण त्यांना इकडे आश्रमात आणूया. सेगुल्लाबाई म्हणायची, आश्रमात ऋषी जातात, मी काय ऋषी आहे? तिचा नवरा कृषी विद्यापीठाच्या शेतीवर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत. तो गेल्यावरही तिने राहुरी सोडली नाही. शेजारी छबूबाई होती, म्हणून ती राहू शकली. संस्थेच्या अहवालात छबूबाईचं नाव कुठेच नव्हतं. तिथे लिहायला तसा रकानाच नव्हता.

रविवारी सकाळी मिल्का पुरचुंडी पर्समध्ये टाकून बसमध्ये बसली. का टाकली ते तिलाही सांगता आलं नसतं. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं आणि कंडक्टर नगर-राहुरी-राहुरी म्हणून ओरडत होता. मनमाड रोडच्या खड्ड्यांत बस आदळली की तिचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटायचं आणि तिला ते बरं वाटायचं. काल दुपारी आपण काय करत होतो? हा एकच प्रश्न रात्रीपासून तिच्या मानगुटीवर बसला होता. काल दुपारी ती जेवून आडवी झाली होती. शुक्रवारची गार भाजी, भाकरी, वर हापूसची फोड. कूलरचा आवाज, पडद्यातून येणारा पिवळट उजेड. तिला छान झोप लागली होती. त्याच वेळी तिकडे लाकडं रचली जात होती. लोकांना वाटायचं, मिल्काबाई शब्बाथ किती कडक पाळते, टीचर असून देवभोळी. खरं तर देवाचा तिच्या शनिवारशी फारसा संबंधच नव्हता. सहा दिवस दुसऱ्यांचे गुडघे, दुसऱ्यांचा मधुमेह, दुसऱ्यांच्या परदेशातल्या मुलांची वाट बघणं. सातव्या दिवशी फोन बंद केला की कुणीही तिच्याकडे काहीही मागू शकत नसे. धर्माने दिलेली ती सवलत तिने दोन्ही हातांनी घेतली होती. जिवावरचा प्रसंग असेल तर शब्बाथ मोडायला धर्माची ना नव्हती. तो नियमही तिला पाठ होता, दुसऱ्यांना तिनेच कितीदा सांगितला होता. पण बंद फोन जिवावरच्या प्रसंगालाही बंदच असतो, एवढी साधी गोष्ट तिने मनावर घेतली नव्हती.

आणि ते वाक्य. वांबोरी फाटा मागे पडला तरी ते वाक्य बसमध्ये तिच्या शेजारीच बसलेलं होतं. मागच्या पावसाळ्यात सेगुल्लाबाईला ताप आला होता. मिल्का आणि छबूबाई ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि छबूबाईने आवाज खाली आणून सरळ विचारलं होतं, "काकूंचं काय बरंवाईट झालं तर तुमच्यात काय करायचं असतंया?" किती चांगली संधी होती ती. मिल्का म्हणाली होती, "आमच्यात ठेवत नाहीत. लगेच उरकायचं असतं. मला फोन करा, मी आहेच." पुढचं वाक्य जिभेवर होतं, आणि आतून सेगुल्लाबाईचा तापलेला आवाज आला, "कुणाला उरकताय गं, शिंदळीच्यांनो? अजून जिवंत हाय मी!" छबूबाईने तोंडाला पदर लावला. मिल्काच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. तिघी हसल्या, मग चहा झाला, आणि पुढचं वाक्य राहून गेलं. त्यानंतर दर आठवड्याला ती गेली, दर आठवड्याला ते बोलता आलं असतं. पण जिवंत माणसाच्या उशाशी बसून त्याला जाळू नका हे सांगायला जीभ रेटायची नाही. शिवाय आपण असणारच आहोत, असं तिने धरून चालवलं. छबूबाई राहायला आली ती चेऊलकर मास्तरला पुरल्यानंतर. तिला कोण सांगणार? तिच्या दृष्टीने काकू म्हणजे कोकणातल्या, जरा वेगळ्या देवाच्या, पण आपल्यासारख्याच. त्या एलियाहू पैगंबराच्या नावाने पोह्यांचा मलिदा करायच्या तेव्हा नारळ छबूबाईच खवून द्यायची आणि म्हणायची, तुमचा एलियाहूबाबा आमच्या कानिफनाथाच्या वळखीचा असंल.

घरापाशी पोचल्यावर मिल्काचा हात सवयीने दाराच्या चौकटीवर गेला. ज्यूंच्या दाराला उजव्या बाजूला एक बोटभर नळी तिरकी ठोकलेली असते, आत प्रार्थनेची गुंडाळी असते. येता-जाता तिला स्पर्श करून बोटं ओठांना लावायची. बोटांना हळदकुंकू लागलं. छबूबाई दर शुक्रवारी तिची पूजा करायची, काकूंनी कधी अडवलं नव्हतं. आत कॉट उभी करून ठेवलेली होती. जमिनीवर जिथे सेगुल्लाबाईला शेवटचं निजवलं होतं तिथे पीठ पसरून त्यावर पणती लावलेली होती. कोपऱ्यात छबूबाईचा मुलगा मच्छिंद्र बसला होता. चाळिशीचा, उसाच्या टेम्पोवर चालक असलेला दांडगा माणूस. त्याचं डोकं गुळगुळीत भादरलेलं होतं, मिशी गेली होती, आणि त्यामुळे चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा, कोवळा दिसत होता. मिल्काला बघून तो उठला आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून डोक्यावरून फिरवत राहिला.

"काकूंनीच मला ड्रायव्हिंग शिकायला लावलं," तो म्हणाला. "मास्तरांची पानं-पकडी मलाच दिली समदी. दुसरं कोन हुतं त्यास्नी? मंग म्या म्हन्लं, मीच देतो."

छबूबाईने मिल्काचे हात धरले आणि एकेक गोष्ट सांगू लागली, वरिष्ठांना कामाचा हिशेब द्यावा तसं. ऊन पाण्याने आंघोळ घातली, गल्लीतल्या बायका होत्या, बाप्यांना बाहेर काढलं होतं. पेटीत नवं कोरं पांढरं कापड होतं, काकू एकदा म्हणाल्या होत्या ते माझं शेवटचं म्हणून, तेच गुंडाळलं. तोंडात तुळशीचं पान घातलं. "आन् रोज निजताना त्या डोळ्यांवर हात ठिवून काय म्हनायच्या ना, शेमा इस्राएल का काय, त्ये बी म्हन्लं म्या त्यांच्या कानात. जेवडं येत हुतं तेवडं म्हन्लं. चुकलंमाकलं असंल." मिल्काला ते सहन होईना. धुणं झालं होतं, कफन झालं होतं, शेमा झाला होता. प्रार्थनेला लागतात ते दहा ज्यू पुरुष उभे करूनही आजकाल जे मिळत नाही ते सगळं या बाईने न शिकता केलं होतं, आणि मग उचलून विस्तवावर ठेवलं होतं. मिल्काला तिला गच्च मिठी मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्ही इच्छा खऱ्या होत्या.

"काय चुकलं न्हाई ना वो आमचं?" छबूबाईने विचारलं.

मच्छिंद्र मान वर करून बघत होता.

"नाही," मिल्का म्हणाली. "काही चुकलं नाही. मी केलं असतं त्याहून नीट केलंत."

तेवढ्यात फळीवरचा सेगुल्लाबाईचा मोबाईल वाजला. तिची मुलगी दीना, अश्दोदहून, रोज याच वेळेला आईला बघायला व्हिडिओ कॉल करायची. शनिवारी मात्र नाही, कारण तिचाही फोन शनिवारी बंद असे. रात्री मिल्काला तिला कळवायची हिंमत झाली नव्हती, आणि छबूबाईला त्या मोबाईलवर आलेला फोन तेवढा घेता यायचा, लावता यायचा नाही. फोन घेऊन मिल्का मागच्या दाराने परसात गेली. तिथे शेवग्याच्या फांदीला लाल फडक्यात बांधलेलं मडकं लटकत होतं. सकाळीच राख सावडून आणली असणार. अस्थी घरात घेत नाहीत. मडक्याकडे पाठ करून तिने दीनाला सांगितलं. पडद्यावरचा चेहरा आधी हसरा होता, मग त्याला काय झालं ते मिल्काने बघितलं नाही.

"कधी?" दीनाने विचारलं.

"काल. शब्बाथच्या दिवशी, झोपेत. असं मरण नशीबवंतांना येतं."

"मग आज पुरणार? पप्पांच्या शेजारी?"

"आज दुपारी," मिल्का म्हणाली. "पप्पांच्या शेजारी."

"धुतलं कुणी, मिल्काआंटी?"

"छबूबाईने. फार मायेने धुतलं."

"आणि ती माती?"

"माझ्या पर्समध्ये आहे."

"मला तिचा चेहरा दाखव ना. एकदाच."

मिल्काने डोळे मिटले. वारा आला आणि मागे मडकं फांदीला घासल्याचा बारीक आवाज झाला. "झाकलंय आता, बाळा," ती म्हणाली. "एकदा झाकल्यावर उघडायचं नसतं. तुला ठाऊक आहे." दीना हो म्हणाली. तिथल्या सिनेगॉगमध्ये दहा माणसं जमवून कद्दिश, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणवते म्हणाली, छबूबाईला माझा नमस्कार सांग म्हणाली, आणि रडत रडत फोन ठेवला. मिल्का मडक्याकडे वळली. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या. आज दुपारी म्हटलं खरं. आता दुपार व्हायच्या आत ते खरं करायला हवं होतं, निदान जेवढं करता येईल तेवढं.

आत येऊन ती म्हणाली की थोड्या अस्थी मी नगरला नेते. मच्छिंद्रचा चेहरा पडला. तो प्रवरासंगमाला जाणार होता, दहावा तिथेच घालणार होता, गुरुजींना सांगून झालं होतं. "का वो बाई? माझ्या हातनं नगं का?" त्याच्या विचारण्यात राग नव्हता, भीती होती, आपण परके ठरतो की काय याची.

"तुझ्याच हातून होऊ दे," मिल्का म्हणाली. "दहावा तूच घाल. थोड्याच दे. तिचा नवरा तिकडे आहे."

"तिकडं बी नदी हाय का?" छबूबाईने विचारलं.

"आहे. सीना."

मग छबूबाईला पटलं. बाकीच्यांचं जिथं झालं तिथं थोडं तरी जायला पाहिजे, ती म्हणाली. भांडं शोधायला तिने फळीवर हात घातला आणि खाली काढला तो संस्थेचा स्टीलचा डबा. याच डब्यातून मिल्का दर आठवड्याला काही ना काही आणायची; मागच्या वेळी गव्हाच्या चिकाचा हलवा आणला होता, आणि सेगुल्लाबाई म्हणाली होती, साखर कमी घातलीस, संस्थेने सांगितलं का कमी घाल म्हणून? छबूबाईने डबा कालच घासून ठेवला होता, परत द्यायचा म्हणून. मच्छिंद्रने परसात जाऊन मडकं उतरवलं आणि पानावर घेऊन थोडं डब्यात घातलं. राखेत पांढरे तुकडे होते. यातले डोळे कुठले? ती माती आता कशावर ठेवायची? मिल्काने झाकण लावलं. मडकं उन्हात टांगलेलं असल्यामुळे डबाही कोमट झाला होता, आत जेवण असल्यासारखा. कब्रस्तानात पोचल्यावर कुदळ राखणदाराकडे मागायची, मास्तरच्या कबरीच्या कडेला हातभर खणायचं, वर पुरचुंडी सोडायची. दहा पुरुष नाहीत, प्रार्थना नाही, भर दुपारी एक म्हातारी डबा पुरतेय. आणि मग संध्याकाळी मुंबईला फोन करून सांगायचं की नगर जिल्ह्याचं काम संपलं.

छबूबाई दारापर्यंत आली. तिथे आल्यावर तिने चौकटीवरच्या नळीला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली, अगदी सेगुल्लाबाई करायची तशी, सवयीने, स्वतःच्या लक्षातही न येता. मग मिल्काच्या दंडावर हात ठेवून ती म्हणाली, "बाई, तुमी बी एकल्याच ऱ्हाता तिकडं. मला सारखं येतंय मनात. पर तुमी घोर करू नका. आमी हाय. शेजारपाजारी माझा नंबर दिऊन ठिवा. एक फोन आला की मच्छिंद्र टेम्पो घिऊन येईल. काकूंचं केलं ना, तसंच समदं तुमचं बी करू. अजिबात ठेवनार न्हाई."

आतून मच्छिंद्रने मान हलवली.

मिल्काने तोंड उघडलं. मागच्या पावसाळ्यात राहून गेलेलं वाक्य तिथेच होतं, जिभेच्या टोकावर, तयार. मला पुरा. दोन शब्द. ते बोलले की मिल्काचं सगळं नीट झालं असतं. नवऱ्याच्या शेजारची जागा राखून ठेवलेली होती. पण ते ऐकल्यावर छबूबाईला समजायला किती वेळ लागला असता? आधी तिने मिल्काकडे बघितलं असतं, मग हातातल्या डब्याकडे, आणि मग वळून आत, त्या भादरलेल्या डोक्याकडे. त्यानंतर उभ्या जन्मात तिला झोप लागली नसती.

"बरं," मिल्का म्हणाली. "नंबर देऊन ठेवते."

डबा कलंडू नये म्हणून तिने तो पिशवीत सरळ धरला आणि ती स्टँडकडे चालू लागली.